फिकेकाकांचा उजवा डोळा

फिकेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. बेकरीसमोर चहाची टपरी होती. टपरीवाला सकाळी किटली घेऊन आत यायचा तोच ओरडत, "पाच गोड, एक फिका!" तो एक फिका म्हणजे केकच्या खोलीतल्या कारागिराचा बिनसाखरेचा चहा. वर्षानुवर्षं तीच आरोळी. होता होता चहाचं नाव पिणाऱ्याला चिकटलं, आणि बेकरीची मालकीणसुद्धा गिऱ्हाइकांना सांगू लागली, "जरा थांबा हं, फिकेकाका नाव घालताहेत."

केकवर नाव घालणं ही त्यांची खासियत. केक भट्टीत भाजून यायचा, थंड व्हायचा, मग काका तो फिरत्या चकतीवर ठेवून क्रीम लावायचे, कडेनं फुलं काढायचे आणि शेवटी क्रीम भरलेला कागदी कोन हातात घेऊन मजकूर लिहायचे. आधी सगळी अक्षरं लटकती ठेवायची. मग कोन जरासा उचलायचा, श्वास रोखायचा आणि डावीकडून उजवीकडे एका दमात शिरोरेषा ओढायची. दुकान आणि केकची खोली यांच्यामध्ये काच होती. रेघ ओढायची वेळ आली की गिऱ्हाइकं काचेला नाक लावून उभी राहायची. रेघ पूर्ण झाली की तीही श्वास सोडायची. ती रेघ इतकी सरळ यायची की सुरी घालताना लोकांच्या जिवावर यायचं.

गंमत अशी, की आपला केक लागतो कसा हे काकांना ठाऊक नव्हतं. बूट चावून टाचेला झालेली जखम महिनोन्महिने भरेना, तेव्हा त्यांचा मधुमेह सापडला. त्या वेळी ते पस्तिशीतले असतील. दवाखान्यातून परत आले आणि त्यांनी गोडाला जो रामराम ठोकला, तो कायमचा. बोटाला क्रीम लागलं तर ते चाटायचे नाहीत; कमरेला ओलं फडकं खोचलेलं असायचं, त्याला पुसायचे. "गोड कितपत झालंय?" हा प्रश्न भट्टीवाल्याला विचारायचा आणि तो सांगेल ते खरं मानायचं.

भट्टीवाला त्यांचा जुना जोडीदार. अंगानं आडवा, आवाजानं दणदणीत, आणि त्यालाही पाच-सहा वर्षांपासून शुगर. पण त्याची चव बघायची पद्धत अशी, की अर्धा ट्रे रिकामा व्हायचा. काका चिडायचे.

"अरे, तुला रोग आहे की नाही?"

"आहे ना. म्हणून तर अर्ध्यावर थांबलो."

एक मात्र खरं. हा भट्टीवाला ब्लडप्रेशरची गोळी कधी चुकवायचा नाही. त्याच्या थोरल्या भावाचं अर्धं अंग लुळं पडलं होतं, तेव्हापासून त्यानं धसका घेतला होता. जेवणाचा डबा विसरेल, पण गोळीची डबी खिशात असायचीच.

काकांना त्या डबीचं हसू यायचं. त्यांचंही प्रेशर चढं होतं. नाक्यावरच्या डॉक्टरांनी दोन-तीनदा सांगितलं, गोळी लिहूनही दिली. काकांनी ती काही सुरू केली नाही. "एकदा धरली की सुटत नाही," म्हणाले. "मी एवढं गोड सोडलंय. शरीराला काहीतरी त्याची कदर असेल की नाही?"

खरं सांगायचं तर गोड सोडल्याच्या पुण्याईवर काकांनी स्वतःला बऱ्याच सवलती देऊन ठेवल्या होत्या. गोड नाही, मग पाव चालेल. भट्टीतून निघालेला गरम पाव, त्यावर लोण्याचा जाड थर, वर मीठ. एकावर थांबणं त्यांना जमायचं नाही. रक्ताची तपासणी करायची असली की आधीचे दोन दिवस ते अगदी पाखरासारखं खायचे, उपाशीपोटी रक्त द्यायचे, आणि आकडा चांगला आला की घरी येऊन बायकोला कागद दाखवायचे. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठांतर करणाऱ्या मुलाला मिळतात तसे ते मार्क होते. पण मार्क ते मार्क.

आणि मोठा केक पूर्ण झाला की बेकरीमागच्या अंगणात एक सिगारेट. मोठे केक रोजच असायचे.

त्यांची बायको पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. तिनं नवऱ्याच्या पथ्यापायी घरात गोड शिजवणंच बंद केलं होतं. स्वतःला तलफ आली तर ती दुकानातून येताना बसस्टॉपवर एखादी गोळी चघळायची आणि तोंड पुसून घरात शिरायची. सिगारेटबद्दल एकदा शेजारणीनं टोकलं, तेव्हा ती म्हणाली होती, "जाऊ दे हो. साखर सोडली त्यांनी. एवढा एक शौक राहू दे माणसाला." हे काकांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना बरं वाटलं होतं.

सुरुवात झाली ती एका निवृत्त होणाऱ्या परिचारिकेच्या केकपासून. मालकिणीनं केक खोक्यात ठेवताठेवता मान तिरकी केली.

"काका, रेघ जराशी उतरलीय का?"

"रेघ बरोबर आहे, बाई. केकच एका बाजूनं बसलाय. भट्टीवाल्याला विचारा."

भट्टीवाल्यानं हे ऐकलं आणि तो चवताळला. पिठाच्या हातानंच आत आला, त्याच साच्यातून निघालेल्या दुसऱ्या कोऱ्या केकवर पाण्यानं काठोकाठ भरलेली ताटली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. पाणी चारी बाजूंनी सारखं.

"बघ. केक सरळ आहे. वाकडा तू आहेस."

त्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. काकांनी आधी कोनाच्या टोकाचं नोझल बदललं. मग बल्ब बदलून घेतला. मग चकतीच डुगडुगते म्हणून तिच्याखाली पुठ्ठ्याची घडी घातली. आठवडाभरानं मैद्याचं पोतं उघडताना त्यांच्या डाव्या डोळ्यात पीठ उडालं. तो डोळा मिटून ते बेसिनकडे निघाले, तर समोरच्या भिंतीवरच्या फरश्यांच्या रेघा मध्येच फुगलेल्या. जणू भिंतीच्या आतून कुणी बोटानं ढोसतंय. त्यांनी डावा डोळा धुतला, उघडला. भिंत सरळ. पुन्हा मिटला. भिंत वाकडी, आणि वाकड्या जागेवर मधोमध एक मळकट डाग.

ते बराच वेळ नळ तसाच चालू ठेवून उभे होते.

घरी गेल्यावर त्यांचा एक खेळ सुरू झाला. दाराची चौकट, खिडकीचे गज, वर्तमानपत्राच्या ओळी, जे सरळ दिसेल त्याच्याकडे आधी एक डोळा मिटून बघायचं, मग दुसरा. एके संध्याकाळी बायको कामावरून आली तर हे दारासमोर उभे राहून एकदा हा आणि एकदा तो डोळा मिचकावताहेत.

"अहो, या वयात कुणाला डोळा मारताय?"

"दाराला."

ती खळखळून हसली. ते हसले नाहीत. तेव्हा तिनं पिशवी खाली ठेवली.

"काय होतंय?"

"काही नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल."

दुसऱ्या दिवशी ते खरंच चष्म्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं एकामागून एक काचा घालून पाहिल्या. डाव्या डोळ्यानं अक्षरं सरसर वाचली. उजव्याला कुठलीच काच लागू पडेना. शेवटी त्यानं काचांची पेटी मिटली.

"शुगर आहे का तुम्हाला?"

"आहे. पण ताब्यात आहे."

"काका, चष्मा विकायला मला आवडलं असतं. पण हे नंबरचं काम नाही. डोळ्यांच्या इस्पितळात जा. आणि आजउद्या करू नका."

काकांनी मान डोलावली. बाहेर येऊन एक सिगारेट ओढली. घरी सांगितलं, "नंबर आहे तोच आहे." खोटं नव्हतं ते, फक्त अर्धं होतं. भीती वाटली की माणूस मोठ्या खुबीनं खरं बोलतो.

असे तीन-चार आठवडे गेले. डाव्या डोळ्यावर काम चालू होतं. रेघ ओढण्याआधी काका आता काचेकडे पाठ करून उभे राहायचे. मग एका दुपारी ते चॉकलेटच्या केकवर गुलाब काढत असताना उजव्या डोळ्यासमोरून काळा धागा गेला. मग दुसरा. मग पाण्याच्या पेल्यात शाईचे थेंब सोडावेत तसं काहीतरी खाली उतरू लागलं. काकांनी हातानं हवा झटकली. पुन्हा झटकली.

भट्टीवाला दारात ट्रे घेऊन उभा होता.

"काय रे, काय करतोयस?"

"माश्या झाल्यात किती."

"फिक्या," भट्टीवाला ट्रे खाली ठेवत म्हणाला, "इथं एकही माशी नाही."

काकांच्या हातातला कोन खाली पडला. भट्टीवाल्यानं अंगावरचा एप्रन काढला, काकांचाही काढला, मालकिणीला सांगितलं, "भट्टी बंद करून घ्या, आम्ही येतो," आणि त्यांना दंडाला धरून रिक्षात घातलं. वाटेत पडद्यांच्या दुकानासमोर थांबून वहिनींना घेतलं. त्या मांडीवरच्या कापडाचे दोरेही झटकायला थांबल्या नाहीत.

डोळ्यांच्या डॉक्टर पन्नाशीच्या, बारीक चणीच्या बाई होत्या. त्यांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या होऊ दिल्या, मशीनला हनुवटी टेकवायला लावली, कपाळाला दिवा बांधून दोन्ही डोळे पुन्हा पुन्हा तपासले, फोटो काढले, रक्त आणि लघवी तपासायला पाठवली. दुसऱ्या दिवशी सगळं समोर घेऊन त्या नवराबायकोशी बोलायला बसल्या.

"उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आलीय. नेमकी मध्यभागी, जिथून आपण बारीक काम बघतो. शिवाय थोडा रक्तस्राव झालाय."

"पडदा सुजतो?" काकू म्हणाल्या. बिचारीच्या डोळ्यासमोर कापडच आलं असणार.

"डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला पातळ अस्तर असतं. चित्र त्याच्यावर उमटतं. तिथल्या केसासारख्या रक्तवाहिन्या मधुमेहानं कमजोर होतात आणि पाझरायला लागतात. डाव्या डोळ्यातही सुरुवात आहे. पण तो सध्या बरा आहे."

काका फाडकन म्हणाले, "डॉक्टर, मी केक करतो. दिवसभर साखरेत हात असतात माझे. पण अठरा-वीस वर्षांत बोटाला लागलेली साखरसुद्धा चाटली नाही. विचारा हिला!"

"खरं आहे," काकू म्हणाल्या.

"मला पटतं," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्या मनापासून म्हणाल्या. "सोपं नाही ते. आता मी काही विचारते, त्याची तशीच खरी उत्तरं द्या. पाव, टोस्ट, बटर?"

"ते... खातो. गोड नसतं ते."

"जिभेला नसतं. पोटात गेल्यावर त्याचीही साखरच होते. तपासणी कोणती करता?"

"उपाशीपोटीची. चांगली येते नेहमी."

"ती त्या सकाळची झाली. मी तीन महिन्यांची सरासरी काढलीय. ती बरीच जास्त आहे." त्यांनी कागद पुढे केला नाही, नुसताच बाजूला ठेवला. "ब्लडप्रेशर काल दोनदा मोजलं, दोन्ही वेळा खूप वर होतं. गोळी कुठली घेता?"

काका खिडकीकडे बघू लागले.

"घेत नाहीत," काकू म्हणाल्या.

"सिगारेट?"

या वेळी काकूही काही बोलल्या नाहीत. डॉक्टर थांबून राहिल्या. शेवटी काकांनीच बोटांनी खूण केली, म्हणजे थोड्या. आणि मग बोटं आणखी जरा फाकवली.

"आणि डोळे याआधी कधी दाखवले होते?"

"दिसत होतं की मला सगळं! कशाला दाखवू?"

"हेच सगळे म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "दुखत नाही, खुपत नाही, स्वच्छ दिसतं, म्हणून कुणी येत नाही. आणि आतमध्ये वर्षानुवर्षं काम चालू असतं. मधुमेह सापडला की डोळ्यांची तपासणी करायची, आणि मग दरवर्षी, दिसत असलं तरी. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, तर तो तुमचा एकट्याचा दोष नाही."

मग त्यांनी सावकाश समजावलं. मधुमेह जितका जुना तितका डोळ्यांना धोका मोठा, आणि काकांचा तर सापडायच्या आधीही काही वर्षं अंगात मुक्कामाला असणार. टाचेची जखम उगीच चिघळली नव्हती. त्यात रक्तातली साखर चढी. त्यात प्रेशर. रक्तातली चरबीही वाढलेली निघाली होती, आणि लघवीतून प्रथिनं जायला लागली होती. मूत्रपिंडाला झळ लागलेल्या माणसाचे डोळे जास्त सांभाळावे लागतात. वर सिगारेटचा धूर, म्हणजे मुळातच आजारी असलेल्या रक्तवाहिन्यांना आणखी त्रास.

"प्रेशरचं मला कळलं," काका एकदम म्हणाले. आवाज खाली आला होता. "क्रीमचा कोन जुना झाला आणि वरून जास्त दाबला, की तो टोकाला फुटत नाही. शिवणीत फुटतो."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "अगदी तसंच."

तिथून निघाल्यावर काकूंना कामावर सोडून काका सरळ बेकरीत गेले. डोक्यात एकच घोळत होतं. तो भट्टीवाला दिवसाला अर्धा किलो बिस्किटं रिचवतो आणि ठणठणीत फिरतो. आपण जिभेला कुलूप लावलं आणि डोळा आपला गेला. वर बातमी पसरली तशी माणसं बोलू लागली होती. दुकानात पाव घ्यायला आलेली एक बाई काचेपलीकडून म्हणालेली त्यांनी ऐकली, "बेकरीत काम म्हटल्यावर व्हायचंच. तोंडात टाकत असणार येता-जाता."

काकांनी केकच्या खोलीचं दार लावून घेतलं. कापून उरलेल्या केकचा मोठा तुकडा बशीत घेतला, त्यावर क्रीमचा डोंगर केला, आणि स्टुलावर बसून खायला सुरुवात केली. पहिला घास, दुसरा घास. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते दोन्ही डोळ्यांतून सारखंच.

थोड्या वेळानं भट्टीवाल्यानं दार ढकललं. त्यानं बशी बघितली, माणूस बघितला, आणि शेजारी पिठाच्या डब्यावर बसला.

"कसा झालाय?"

"भयंकर गोड," काका तोंड भरलेलं असताना म्हणाले. "एवढं गोड करतोस तू? आणि व्हॅनिला किती ओतलंय! लोक हे विकत घेऊन खातात?"

"रांगा लावून."

काकांना हसू फुटलं आणि ठसका लागला. भट्टीवाल्यानं पाठीवर थापटी मारली, पाणी दिलं, आणि बशी हळूच आपल्याकडे ओढून घेतली. सवयीनं त्याचा हात तुकड्याकडे गेला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं बशी कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली.

"तुला काहीच कसं होत नाही रे?" काकांनी विचारलं. विचारलं म्हणजे अगदी वैरानंच विचारलं.

भट्टीवाला हातावरचं पीठ चोळत राहिला. "होत नाही हे तुला कुणी सांगितलं? मी डोळे दाखवलेत कुठं? मला पांढरे कपडे घातलेली माणसं दिसली की घाम फुटतो. ती गोळी खातो तीसुद्धा दादाच्या अंथरुणाकडे बघून."



घरी वेगळंच चाललं होतं. काकू जेवल्या नव्हत्या. काकांनी चारदा विचारल्यावर त्यांचा बांध फुटला.

"मीच म्हटलं होतं, एवढा एक शौक राहू द्या म्हणून. माझ्या तोंडात कीड पडो."

"अगं, ओढल्या कुणी? मी की तू?"

"पण मी अडवलं असतं तर?"

"तर मी बेकरीच्या मागे जाऊन ओढल्या असत्या. तशाही तिथंच ओढत होतो." काका तिच्याजवळ जाऊन बसले. "तू माझ्यासाठी घरातला साखरेचा डबा बंद केलास. मला माहितीय, तू बसस्टॉपवर गोळ्या खातेस ते. वास येतो." काकू डोळे पुसता पुसता चमकल्या. "खा. घरात बसून खा. मला काही होत नाही."

उपचार म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. महिन्याच्या अंतरानं काही द्यायची, आणि जिथे नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या उगवल्या होत्या तिथे नंतर लेझर. पहिल्या खेपेला टेबलावर झोपल्यावर त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "तुमचा हात कापत नाही ना?"

"केकवर रेघ ओढताना तुमचा कापतो?"

"सकाळचा चहा झाला नसेल तर कापतो."

"माझा झालाय," डॉक्टर म्हणाल्या. "वर बघा."

डोळा बधिर केलेला होता. थोडासा दाब जाणवला, आणि काका दुखायची वाट बघत राहिले, तोवर डॉक्टर हातमोजे काढत होत्या.

त्यापेक्षा सिगारेट सोडणं वाईट निघालं. पहिले काही दिवस काका नुसते फणफणत होते. नोझलवर ओरडले, टपरीवाल्यावर ओरडले, एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "एवढा मोठा मजकूर लिहायचा असेल तर पोथी घ्या, केक नको." मालकिणीनं त्यांना दोन दिवस घरी बसवलं. घरी काकू होत्या. तिथं ओरडायची सोय नव्हती. दोनदा त्यांनी चोरून ओढली, दोन्ही वेळा स्वतःच येऊन कबूल केलं. मग तीही सुटली. ज्या वेळी हात खिशाकडे जायचा त्या वेळी ते बेकरीमागच्या अंगणात येरझाऱ्या घालू लागले. प्रेशरची गोळी सुरू झाली. पावाच्या जागी डब्यात काय आणि किती न्यायचं ते काकू ठरवू लागल्या. साखरेचं औषध मधुमेहाच्या डॉक्टरांनी बदलून दिलं. पण साखर एकदम धाडकन खाली आणायची नाही, बेतानं आणायची, आणि तोवर डोळे तपासत राहायचं, असं दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवलं.

उजवा डोळा पूर्वीसारखा झाला नाही. सूज उतरली, काळे धागे विरून गेले, फरश्यांच्या रेघा बऱ्याच सरळ झाल्या. मधोमध एक धूसर ठिपका मात्र राहिला. चष्म्यावर कुणी ओला अंगठा टेकवावा तसा. डॉक्टरांनी साफ सांगितलं, "आणखी आधी आला असतात तर हाही राहिला नसता. आता आहे ते टिकवायचं. डावा तर टिकवायचाच." काकांनी ते ऐकून घेतलं. रडले नाहीत. घरी येऊन मात्र संध्याकाळभर दिवा न लावता बसून होते, आणि काकूंनीही लावला नाही.

बेकरीत कामाची फिरवाफिरव झाली. क्रीम लावणं, फुलं, कडेची वेल हे काकांकडेच राहिलं. हाताला ते पाठ होतं. मोठ्या अक्षरांचा मजकूरही ते घालायचे. बारीक लिहायचं असलं की मालकीण स्वतः कोन घेऊन बसायची. बाईंचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक. काका शेजारी उभे राहून सांगायचे, "खांदा सैल सोडा. श्वास धरा. आता ओढा." पहिली रेघ ओढून झाल्यावर ते डोकं कलतं करून बघत राहिले.

"बाई, ही रेघ वाकडी दिसतेय ती माझ्या डोळ्यामुळे की तुमच्या हातामुळे?"

बाईंनी त्यांच्या अंगावर फडकं फेकलं.

मालकिणीनं आणखी एक केलं. कामावरच्या सगळ्यांना तिनं साखर आणि प्रेशर तपासून यायला लावलं. भट्टीवाल्याला डोळ्यांचंही बजावलं होतं. पण त्याची रोज नवी सबब. आज भट्टी तापलीय, उद्या पाहुणे यायचेत, परवा पोट बरं नाही. काकांनी बरेच दिवस ऐकून घेतलं. मग एका सकाळी ते कामावर आलेच नाहीत. थेट भट्टीवाल्याच्या घरी जाऊन उभे राहिले. तो दाढी करत होता, अर्धी झाली होती.

"तू मला रिक्षात घालून नेलंस, तेव्हा मी काही बोललो होतो?"

"तुझ्या डोळ्यात रक्त झालं होतं, फिक्या. मला लख्ख दिसतंय."

"मलाही दिसत होतं," काका म्हणाले. "लख्खच दिसत होतं."

भट्टीवाल्यानं अर्ध्या गालावरचा साबण तसाच पुसला.

त्या दिवशी काकांचीही तपासणी ठरलेली होती. दोघं शेजारी शेजारी बाकावर बसले, दोघांच्या डोळ्यांत थेंब पडले. भट्टीवाल्याला घाम फुटला होता. त्यानं काकांची मनगटाजवळची बाही पकडून ठेवली होती आणि ते त्याच्या लक्षातही नव्हतं. आतून बोलावणं आलं तेव्हा तो काकांना घेऊनच आत गेला.

डॉक्टरांनी वेळ घेऊन बघितलं. "सुरुवात झालीय," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत बारीक ठिपके आहेत. आज काही करायची गरज नाही. प्रेशरची गोळी घेताय ते फार चांगलं. साखर मात्र खाली आली पाहिजे. सहा महिन्यांनी पुन्हा या."

"म्हणजे डोळे राहतील ना?"

"तुम्ही येत राहिलात आणि बिस्किटं सोडलीत तर राहायला काही हरकत नाही. बिस्किटांचं मला यांनी सांगितलंय."

भट्टीवाल्यानं काकांकडे जळजळीत नजर टाकली. पण थेंबांमुळे त्याला ते धड दिसले असतील की नाही, शंकाच आहे.

काकांचा डावा डोळा होता तिथंच थांबला होता. उजवाही. डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवून त्यांना निरोप दिला.

बाहेर ऊन रणरणत होतं. मोठ्या झालेल्या बाहुल्यांनी दोघांना काहीच बघवेना. सगळी गल्ली पांढरीफेक. दोघांनी डोळ्यांवर आडवा हात धरला आणि एकमेकांचे दंड धरून पायऱ्या उतरले. बसस्टॉपवर उभे राहिले, तर पाटी कुणाला वाचता येईना. एक बस आली. भट्टीवाला म्हणाला ही आपली, काका म्हणाले नाही. बाजूच्या बाईंना विचारलं, तर त्यांनी दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि चार पावलं लांब जाऊन उभ्या राहिल्या.

"त्यांना वाटलं आपण पिऊन आलोय," भट्टीवाला कुजबुजला.

"तुझा अर्धा गाल दाढीचा आहे. मलाही तसंच वाटलं असतं."

दोघं हसू लागले. हसता हसता बस निघून गेली. मग त्यांनी ठरवलं, चालतच जाऊ, झाडांच्या सावलीनं. काही अंतर गेल्यावर भट्टीवाला थांबला.

"फिक्या, हे ठिपक्यांचं घरी बायकोला सांगू नकोस. ती घाबरेल."

"मी कशाला सांगू?" काका म्हणाले. "वहिनी संध्याकाळी आमच्याकडेच येताहेत. तुझा डबा कसा भरायचा ते बघायला. मी सकाळीच बोलावलंय त्यांना."